हवेच्या मशीनचा कौल

आणि वर तो दुकानदार मलाच विचारतो, काका, हवा किती लिटरची पाहिजे?

लिटरची. तुम्हाला सांगतो, सत्तरी उलटली माझी, दूध लिटरने घेतलं, रॉकेल लिटरने घेतलं, डिझेल तर जन्मभर लिटरनेच घेत आलोय, पण हवा लिटरने मोजणारा माणूस मी महाडातच पाहिला, तोही चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, काचेच्या दुकानात, पंखा लावून बसलेला. राजेंद्र त्याचं नाव. बोलायला गोड. म्हणतो, "काका, हा मिनिटाला पस्तीस लिटरवाला, हा सत्तरवाला." मी म्हटलं, बाबा, माझ्या जीपला चार चाकं हायत. त्यांत हवा नाय. ती भरायची. हवाच तर भरायची हाय, त्यात एवढं काय?

तुम्ही म्हणाल, गोमाजी, मग पंक्चरवाल्याकडे जा की. थांबा. आमची वाडी कुठे हाय ते आधी ऐका. पोलादपूरहून आंबेनळी घाटाची वाट धरायची, मधेच डावीकडे फाटा लागतो, तिथे डांबर संपतं, आणि संपतं म्हणजे संपतंच, पुढे दगड, लाल माती, दोन ओहोळ आणि एक अशी चढण, की नवी गाडी असेल तर मालक खाली उतरून हात जोडतो. तिथे टणक चाक चालत नाय. दगडावरून उडतं, मातीत गरगर फिरतं. म्हणून फाट्यावर थांबायचं आणि चारी चाकांची निम्मी हवा सोडून द्यायची. मग चाक म्हशीसारखं पसरतं, दगडाला धरून धरून वर चढतं. वर जाताना हे झकास. पण खाली येताना? फाट्यावर पुन्हा डांबर सुरू, आणि निम्म्या हवेवर डांबरावर गाडी पळवली तर टायर तापतो, फाटतो. पंक्चरवाला पोलादपुरात. म्हणजे त्याच्याकडे हवा भरायला जायचं, तर आधी चाकात हवा पाहिजे. कळलं?

म्हणून पायपंप. इतकी वर्षं पायाने भरली मी हवा. एक चाक झालं की दुसरं, दुसरं झालं की तिसरं, आत माणसं बसलेली, बाळंतीण असेल, शाळेतलं पोर असेल, कोंबड्यांची टोपली असेल. कोणी म्हणालं, "गोमादा, मी मारू का दोन?" तर मी नाय द्यायचो. गाडी माझी, प्रवासी माझे, हवा मीच भरणार.

शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईकडची पोरं येतात आमच्या वाटेवर. मोठाल्या गाड्या, चाकं माझ्या छातीपर्यंत. मुद्दाम चिखलात घालतात, फोटो काढतात. त्याला ऑफ-रोडिंग म्हणतात म्हणे, म्हणजे रस्ता सोडून चालवणं. मी एकाला म्हटलं, आम्हाला एकदा रस्ता मिळू दे, आम्ही तो जन्मात सोडणार नाय. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. त्याच्याकडे मी ते हवेचं मशीन पहिल्यांदा पाहिलं. टर्रर्र करत चाक भरत होतं आणि हा पठ्ठ्या बाजूला उभा राहून वडापाव खात होता. मी तोंड फिरवलं. कान मात्र तिकडेच होते.

आणि मग संक्रांतीच्या सुमाराला ते झालं. काय झालं, काही नाय झालं, तिसऱ्या चाकाला जरा डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणून, फाट्यावर रस्त्याखाली मोरी हाय, तिच्या कठड्यावर टेकलो. नेमकी त्या दिवशी येसू गाडीत. येसूबाई, माझी बायको, बाजाराला निघाली होती. ती उतरून आली, तर म्हणे माझा सदरा चिंब आणि ओठ जांभळे. आता मला माझे ओठ कसे दिसणार? तिने पाणी दिलं, शेजारी बसली, एक शब्द बोलली नाय. येसू बोलली नाय की समजायचं, फोन जाणार.

गेला. नालासोपाऱ्याला, भरतला. भरत माझा मुलगा. "बाबा, आता पुरं. डॉक्टरला दाखवा." दाखवलं. डॉक्टर म्हणाला, छाती ठीक हाय, पण पायपंप बंद. मग पुन्हा भरत: "शिमग्यापर्यंत हवेचं मशीन घ्या, नाय तर किल्ली आईकडे द्या. मी जीपला गिऱ्हाईक बघतो."

जीपला गिऱ्हाईक. आणि मी काय करू? सांगा ना. घरात बसू? बसून पाहिलं. गोठ्यात गेलो, बैलाकडे पाहिलं, बैलाने माझ्याकडे पाहिलं, बाहेर आलो. पडवीत बसलो, उठलो, अंगणात गेलो, लाकडं या भिंतीची त्या भिंतीला लावली. येसू म्हणाली, "अवो, जमीन झिजंल." मग जीपमध्ये जाऊन बसलो. तर आतून आवाज, "किल्ली नाय लावायची हां." तुम्हाला सांगतो, अंगणातल्या बंद जीपमध्ये, हात स्टिअरिंगवर ठेवून बसलेला म्हातारा... कोंबड्यासुद्धा थांबून बघत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून एस्टीने महाड गाठलं. म्हटलं, आणतो मशीन. हवाच तर भरायची हाय.

तर राजेंद्राने काचेवर मशीनं मांडली. पहिलं छोटं. "काका, हे सिगारेट लायटरच्या भोकात लावायचं." मी म्हटलं, माझ्या जीपला ते भोक नाय. मी बिडी काडीने पेटवायचो, आणि तीही सोडली. "बरं, मग हे बघा." हे म्हणजे थर्माससारखं, हातात मावणारं, तारबिर काही नाय, आकडा लावला की तेवढी हवा भरून आपोआप गप्प. वस्तू देखणी. मी विचारलं, किती चाकं भरेल? "कारची चारही." आणि जीपची? पोरगं जरा चाचरलं. "जीपची... दोन. मग चार्ज करायचं." मी म्हटलं, फाट्यावर प्लग कुठे हाय? करवंदीच्या जाळीत लावू?

मग त्याने खालून तिसरं काढलं. ते लोखंडी, वजनदार, मला बघताक्षणी पटलं. लाल चिमटा, काळा चिमटा, थेट गाडीच्या बॅटरीला लावायचे. म्हटलं, हे चारी चाकं भरेल? "भरेल की काका, हाच तो सत्तर लिटरवाला. फक्त दहा मिनिटं झाली की बंद करायचं. तापतं. जरा विश्रांती द्यायची."

ऐका. डॉक्टर मला म्हणतो विश्रांती घ्या, मी घेत नाय. आणि हे मशीन, अजून दुकानाबाहेर पडलं नाय, त्याला विश्रांती पाहिजे. मग मी आणि ते दोघं मोरीवर बसू का, एकमेकांना वारा घालत?

तेवढ्यात भरतचा फोन. "बाबा, थर्मासवालंच घ्या, वाकावं लागत नाय, त्याला साडेचार स्टार हायत." मी म्हटलं, स्टार चाकात भरायचे का? तो तिकडून बोलतोय, मी इकडून, राजेंद्र मधे उभा, मागे दोन गिऱ्हाइकं खोळंबलेली. शेवटी कंटाळून राजेंद्रच म्हणाला, "काका, दोन्ही घेऊन जा. वापरून बघा, एक ठेवा, एक परत आणा. ओळखीचे आहात. फक्त नव्यासारखं परत आणा."

नव्यासारखं. हे त्याने येसूला सांगायला हवं होतं.

मी वाडीत पोचलो, खोकी पडवीत ठेवली, हातपाय धुवायला मागे गेलो. येतो तर काय, दोन्ही मशीनं पाटावर, दोघांना हळद, दोघांना कुंकू, अगदी पाच बोटं ओढलेली, वर फूल, आणि येसू नारळ फोडतेय. मी म्हटलं, अगो, एक परत द्यायचंय. ती म्हणाली, "मग? एकालाच लावायचं आणि दुसऱ्यानं काय घोडं मारलंय?" आणि फटकन नारळ. पाणी उडालं ते थेट थर्मासच्या आकड्यांवर. पुसलं आम्ही. आकडे दिसतात. फक्त आठचा तीन दिसतो.

मग वाडी जमली. आमच्याकडे कुणाकडे नवी चीज आली की तिच्यावर मत द्यायला सगळे मोकळे. सदू म्हणाला, "दादा, चिमटेवालंच घे, लोखंड हाय." चंदू म्हणाला, "थर्मास घ्या, काळ बदललाय." या दोघांकडे मिळून एक सायकल नाय. पण भांडण असं पेटलं, की त्यात चंदूच्या बांधाचा फणस आला, सदूच्या मेव्हण्याचं लग्न आलं, आणि हवा राहिली बाजूला. मी ओरडलो, अरे, हवाच तर भरायची हाय. कोण ऐकतो? शेवटी हैबती गुरव उठला. माझ्याच वयाचा, देवळाचं सगळं तोच बघतो. म्हणाला, "गोमा, माणसांचं काम नाय हे. बाईला विचारू."

म्हणजे कौल. गावदेवी वाघजाईच्या दोन्ही खांद्यांना गुरव ओल्या पाकळ्या चिकटवतो, प्रश्न घालतो, आणि आई जी पाकळी खाली सोडेल ते तिचं उत्तर. आमच्याकडे लग्नं कौलावर ठरलीत, विहिरी कौलावर खणल्यात. कौल पडला की मुंबईला गेलेल्या वाडीकरांचं मंडळही वाद घालत नाय.

गेलो देवळात. दोन्ही मशीनं आईच्या पुढ्यात ठेवली. येसूच्या हातात फोन, फोनमध्ये भरत. हैबतीने डोळे मिटले. "आई वाघजाई, तुझी लेकरं पुढ्यात उभी हायत. आज प्रश्न जरा येगळा हाय, राग मानू नको. उजवी दिलीस तर चिमट्याचं, डावी दिलीस तर थर्मासचं."

बसलो. पाकळी हलेना. उजवी नाय, डावी नाय. घंटेवर माशी बसली, उडाली, पुन्हा बसली. फोनमधून भरत विचारतो, "पडली का?" चंदू भिंतीला टेकून उभा होता, त्याचा हात हळूच बटणावर गेला, डोक्यावरचा पंखा फिरायला लागला आणि डावी पाकळी थरथरली. हैबतीने एकच डोळा उघडला. "पंखा बंद. वाऱ्यानं पाडलेला कौल बाईचा नसतो." झालं. हवेच्या मशीनसाठी आलो आणि देवळातली हवाच बंद. फाल्गुनातलं ऊन, पत्र्याचा सभामंडप, सगळे घामाघूम. मला बसवेना. मी उठलो, प्रदक्षिणा घातली, बसलो, पुन्हा उठलो. हैबती म्हणाला, "गोमा, तू फिरलास म्हणून पाकळी लवकर पडत नाय."

आणि तेव्हा येसू पुढे झाली. फोन तिने सदूच्या हातात दिला. पदर सारखा केला. हैबतीला विचारलंसुद्धा नाय, सरळ आईशीच बोलली. म्हणाली, "आई, मशीन कुठलं ते मला कळत नाय. गाडी काढून घेतली तर हे घरात मरतील. गाडी ठेवली तर फाट्यावर एकटे मरतील. मोरीवर बसले होते तेव्हा मी होते म्हणून. मी नसते तर? मी आता रोज यांच्या संगं जाऊ का, तेवढं सांग. जाऊ, तर उजवी दे."

वाक्य संपलं आणि उजवी पाकळी खाली.

पंखा बंद होता. मी स्वतः पाहिलं.

मी खांबाकडे बघत होतो. नवीन खांब हायत देवळाला, मंडळाने टाइल बसवलीय, निळी. चांगली बसवलीय. बराच वेळ बघत होतो मी ती टाइल.

मग हैबतीने अंगारा दिला आणि म्हणाला, "आईनं तुझी किल्ली तुझ्याकडे ठेवली, गोमा. पण संगं माणूस दिला." भरत म्हणाला, "बाबा, कौल पडला, आता मी काय बोलू?" आणि सदू म्हणतो, "पण मशीनचं काय?" आईला मशीनचं काही पडलं नव्हतं, तुम्हाला सांगतो. लिटर नाय, स्टार नाय.

दुसऱ्या दिवशी थर्मास घेऊन महाड गाठलं, परत करायला. राजेंद्राने खोकं उघडलं, पाच बोटं पाहिली, आणि दोन्ही हात जोडले. मला नाय, मशीनला. "काका, पूजा झालेली वस्तू मी दुसऱ्याला विकू? माझी आई मला घरात घेणार नाय." मग चिमटेवालं परत करावं म्हटलं, तर त्यालाही तीच पाच बोटं. दोन्ही राहिली माझ्याकडे.

शिमगा झाला, पालखी नाचली, मुंबईकर परत निघाले. जीप भरलेली, टपावर तांदळाच्या गोणी. फाट्यावर थांबलो, उतरायला पाय बाहेर काढला. शेजारून आवाज, "बसा." बसलो. येसू उतरली, पदर खोचला, बॉनेट उघडलं, लाल चिमटा, काळा चिमटा, टर्रर्र. लोखंडी मशीनने पुढची दोन चाकं भरली आणि तापून बसलं. त्याला तिने सावलीत ठेवलं, ओलं फडकं घातलं, आणि थर्मास घेऊन मागे गेली, मागची दोन भरली. आठच्या जागी तीन दिसतो तेही तिला पाठ. आत एक मुंबईकर म्हणाला, "काका, मस्त सेटिंग आहे तुमचं." मी उतरून निदान चिमटा धरावा म्हटलं, तर ती म्हणाली, "तुमचा दम जपा."

मग येऊन शेजारी बसली. मी गियर टाकला. "हळू," म्हणाली. हळू घेतली. "एवढी पण हळू नको, मागं एस्टी हाय." वेग वाढवला. "वळणावर हॉर्न द्या." दिला. पोलादपूर येईपर्यंत तिने मला सगळा रस्ता सांगितला, जो मी तिला लग्नानंतर पहिल्यांदा दाखवला होता. स्टँडवर मुंबईकर उतरले, त्यातल्या एकाने विचारलं, "काका, अजून गाडी तुम्हीच चालवता?"

मी म्हटलं, मीच. आणि येसूकडे पाहिलं. तिने मान हलवली, म्हणजे बरोबर सांगितलं मी.