नारिंगी गळ्याच्या वटवट्याची शोकसभा

...नाही, मला एक सांगा, श्रद्धांजलीचं भाषण चालू असताना ज्याला श्रद्धांजली वाहायची त्यानेच खिडकीबाहेर बसून गावं, याला काय म्हणायचं? आणि ते अख्ख्या सभागृहाला ऐकू यावं, भाषण करणाऱ्याला तेवढं येऊ नये?

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं, एकतीस जून महिने, मी, एल्वुड थिबो, व्हरमाँटच्या या डोंगरातल्या एकाच रस्त्यावरचे पक्षी मोजतोय. चोवीस मैल, पन्नास थांबे, थांब्याला तीन मिनिटं, पहिला थांबा सूर्य उगवायच्या आत. दिसेल तो लिहायचा, ऐकू येईल तो लिहायचा, आणि जूनच्या त्या गच्च पानांत दिसतंय काय डोंबल, दहातले नऊ कानानेच ओळखायचे. गाडी चालवायला आणि वही लिहायला लुएला, माझी बायको. पण मोजणारा एकच. दुसऱ्याने ‘तो बघ’ म्हणायचं नाही, बोटसुद्धा वर करायचं नाही. पहिल्या वर्षी तिने मला एक सुतारपक्षी दाखवला, तर मी तो मोजला नाहीच, वर घरी येईपर्यंत तिला ऐकवलं. लुएला, म्हटलं, नियम म्हणजे नियम.

तर काही वर्षांपूर्वी नारिंगी गळ्याचा वटवट्या कमी व्हायला लागला. हा एवढासा जीव, हेमलॉकच्या उंच झाडाच्या शेंड्यावर बसणार, आणि आवाज बारीक, इतका बारीक की शेवटचा सूर सुईच्या टोकावरून वर निघून जातो. आधी बावीस, मग अकरा, मग चार, आणि मग तीन वर्षं... भोपळा. मला जेवण जाईना हो. थांब्यावर उभा राहून हात जोडायचो, बाबा रे, एकदा तरी ओरड. शेजारच्या रॉस्कोने उतारावरचे हेमलॉक तोडले होते, त्याला भर दुकानात म्हटलं, ‘खुनी आहेस तू.’ तो म्हणाला, ‘अरे, मग माझ्या घरामागे रोज सकाळी किचकिचतं ते कोण?’ मी म्हटलं, तुला कावळ्यातला आणि कोंबडीतला फरक कळत नाही, तू गप्प बस. बोलणंच टाकलं त्याच्याशी.

आणि लुएला? शेजारी पेन्सिल चावत उभी. विचारलं, ‘तुला काय वाटतं गं?’ तर म्हणते, ‘मला वाटून काय उपयोग? नियम म्हणजे नियम.’ मला वाटलं, बिचारी दुःखात आहे.

मग आमचे आकडे पक्षी-संस्थेकडे गेले, आणि तिथल्या डॉक्टर विन्स्लोबाई आलेख घेऊन आल्या, असा उतरलेला की पोरांनी घसरगुंडी करावी. म्हणाल्या, ‘मिस्टर थिबो, या खोऱ्यात त्याचा शेवटचा सूर ऐकणारे तुम्ही. गावच्या स्ट्रॉबेरीच्या जेवणाला त्याच्यासाठी दोन शब्द बोला.’

बोललो. दीडशे माणसं, खिडक्या उघड्या, ज्याच्या त्याच्या ताटलीत शॉर्टकेक. मी म्हणतोय, ‘मंडळी, तो सूर आता आपल्या कानी पडणार नाही...’ तर माणसं डोळे पुसायचे सोडून खिडकीकडे बघायला लागली. विन्स्लोबाईंचा चमचा हवेतच. मला वाटलं, भाषण रंगलं. आणखी जोर लावला, ‘ऐका! ऐका ही शांतता!’

रॉस्को पहिल्या रांगेतून उठला. ‘कसली शांतता, एल्वुड? हाच तो माझ्या घरामागचा. आत्ताही कान खातोय!’

मी लुएलाकडे बघितलं. तिने पर्समधून मोजणीची वही काढली आणि मागचं पान उघडलं. तीन वर्षांच्या रेघा, पाच-पाचांचे जुडगे... एकोणीस, एकवीस, तेवीस. कमी कसले, वाढलेत मेले! म्हटलं, ‘अगं, सांगायचंस ना!’ तर सगळ्यांदेखत म्हणते कशी, ‘सांगितलं असतं, तर मोजला असतास?’

नसता मोजला. बारीक सुरांपुरते कान गेले त्याचं एक वेळ ठीक, वय झालं, जायचेच. पण तो होता हो. रोज डोक्यावर बसून गात होता, आणि मी खाली उभा राहून त्याचं सुतक पाळत होतो. हे फार लागलं मला.

तर यंदापासून उलटं. मोजते लुएला, गाडी हाकतो मी, वही धरतो मी. एकतिसाव्या थांब्यावर ती पलीकडे तोंड करून उभी, आणि तुम्हाला सांगतो, माझ्यासमोर, खालच्या फांदीवर, हाताच्या अंतरावर... तो! गळा पेटलेला, चोच वासलेली, अंग थरथरतंय, जीव तोडून गातोय. मला टाचणीएवढंही ऐकू येत नाही. ती मागे न वळता म्हणाली, ‘नारिंगी गळा, एक. लिही.’

लिहिला. पण एकतीस वर्षांत इतक्या जवळ कधी आला नव्हता हो. म्हटलं, मोजलास ना, आता निदान बघून तरी घे बाई... तोंड उघडलं, तर तिने तिकडेच बघत बोट वर केलं.

मिटलं तोंड. नियम म्हणजे नियम.