कुंडीच्या पाण्याची बातमी

नाही, पण मला सांगा, भांडण कशावरून होतं? पाण्यावरून! तेही कुंडीच्या! आमचे खडकीचे भीमराव, दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले, राहतात दुसऱ्या मजल्यावर. बरोबर त्यांच्या डोक्यावर दस्तगीर मुलाणी, त्याच कारखान्यातले. दस्तगीरभाई जास्वंदीला पाणी घालणार आणि ते खाली भीमरावांच्या बायकोच्या, प्रेमलावहिनींच्या, पापडांवर गळणार... नऊ वर्षं, अहो, नऊ वर्षं हे भांडण सुखानं चाललं होतं!

कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला, आणि दुसऱ्या दिवशी चॅनेलची नीरजा माइक घेऊन दारात. ‘काकाऽ, किती दिवस सहन करताय हे?’ आवाज असा, जसं काही घरात कुणी गेलंय! भीमराव आत वळून म्हणाले, ‘प्रेमला, यात काहीतरी काळंबेरं आहे.’

‘तुम्ही हिंदू ना, काका?’

‘बौद्ध.’

‘अरे यार... ते बातमीच्या पट्टीत बसत नाही हो!’

मग वरच्या मजल्यावर. ‘चाचा, टोपी घालता? आणि थोडं उर्दूत बोला ना!’ दस्तगीरभाई म्हणाले, ‘बाई, टोपी मी नमाजाला घालतो, भांडायला नाही. आणि उर्दू येत असती, तर ह्या भीम्याला नऊ वर्षं मराठीत शिव्या कशाला घातल्या असत्या?’

हे दाखवलं? छे! संध्याकाळी लाल पट्टी: ‘खडकीत दोन समाजांत तणाव!’ मागं ढोल काय, धूर काय... कुठला धूर? भीमरावांच्या लेकीचा, चैतालीचा फोन, ‘बाबा, दार लावून बसा!’ ‘अगं, कुणाच्या भीतीनं?’ आणि तुम्हाला सांगतो, वर दस्तगीरभाईंच्या नातीला क्लासमधल्या पोरींनी विचारलं, ‘तुमच्याकडे नेमकं चालतं काय गं?’ पोरगी क्लासलाच जाईना.

ते कळलं आणि भीमराव उठले. चपला घातल्या, वर गेले. ‘दस्तगीर, चल पोलीस चौकीवर, बातमी खोटी आहे म्हणून सांगू.’

‘तणाव?’ साहेबांनी विचारलं.

‘तणाव नाही साहेब, पापड!’

‘मग लिहून द्या, आमच्यात भांडण नाही.’

‘अहो, पण आहे ना!’

‘आहे? म्हणजे तणाव.’

यातही काहीतरी काळंबेरं आहे, भीमरावांना कळत होतं, पण करता काय? दोघांनी सह्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी भीमरावांनी त्या पोरीला स्वतः स्कूटरवरून क्लासला सोडलं. तेवढ्यात नीरजा पुन्हा हजर! ‘काका, आता गळाभेट घ्या ना, एकोप्याची स्टोरी करू!’

म्हणजे बघा, एक तर दंगल, नाही तर गळाभेट. साधं शेजाऱ्यासारखं भांडायची सोयच नाही! आता दोघं भांडतात ते दारंखिडक्या लावून, पंखा फुल्ल करून, आणि मधेच भीमराव कळवळून म्हणतात, ‘दस्तगीर, हळू ओरड की रे... लेखी दिलंय आपण!’