बाशिंग बांधून पळस पाहायला

विश्वास नका ठेवू, पण रमेशच्या लग्नात नवरदेवाला वेळेवर देवळीला पोचवायचं काम माझ्याकडे होतं. वऱ्हाड ट्रकने पुढे गेलेलं आणि बाशिंग बांधलेला रमेश माझ्या फटफटीवर मागे.

अर्ध्या वाटेत म्हणतो, "पळस काय फुलला बे! तिकडून घे न!"

घेतली. शिरलो भलत्याच गावात. तिथे मांडव सजलेला, पण नवरदेवाचा पत्ता नाही. बाशिंग दिसताच बायांनी रमेशला ओवाळलं, बँड सुरू झाला आणि चौघांनी उचलून त्याला पाटावर उभं केलं.

मी कानात ओरडलो, "अबे चाल! तुह्यं लगन देवळीले हाय, मुहूर्त चालला!"

टाचा उंचावून त्याने अंतरपाटापलीकडे नवरीला नीट पाहून घेतलं.

"थांब न जरासा," म्हणाला, "इथला नवरदेव आला तं जाऊ."