रुमालाखालचा बाप्पा

माझ्या सल्ल्यावर माझाच विश्वास नसतो, पण हा मात्र चालला बरं का.

हमरापूरला सूनबाईचा गणपतीचा कारखाना. तिनं बुक झालेली एक मूर्ती इन्स्टावर टाकली, तर रोह्याचं गिऱ्हाईक फोनवर तापलं. "स्थापनेपर्यंत बाप्पाचा चेहरा रुमालाखाली ठेवतात, आणि तुम्ही गावभर दाखवलात? बुकिंग रद्द!"

सूनबाई रडवेली झाली. "आता सगळेच रद्द करतील, बाबा."

मी भीतभीत म्हणालो, "यापुढे रुमाल घालूनच फोटो टाकू."

"मग लोक बघणार काय?"

पण दोन दिवसांत फोन सुरू झाले. "अवो, चेहरा तरी दाखवा!"

सूनबाई ऐटीत म्हणायची, "नाय हो. बघायचाय तर हमरापूरला या."

पहिला आला तो तोच रोहेकर. दुसरी मूर्ती निवडली आणि दरडावून म्हणाला, "हिचा रुमालातलाही फोटो टाकायचा नाय!"