त्याला अडवणार कोण

—नाही, नाही, सक्ती कुणी केली नव्हती, तसं लिहू नकोस. अठ्ठ्याण्णवचा नोव्हेंबर, नव्या घटनेवर सार्वमत व्हायचं होतं, मसुद्याचे गठ्ठे राजधानीतून, तिरानाहून आले आणि गावोगाव जाऊन ते समजावून सांगायला माणसं हवी होती — मग इथे पर्मेतमध्ये कोचो मास्तरला नाही विचारणार तर कुणाला? तीस वर्षं खडू झिजवलेला माणूस. तू खा ना, अक्रोडाचा मुरंबा आहे, बायकोच्या हातचा. मी उभाच बरा. बसलं की मला चैन पडत नाही.

तर मी हिंडत होतो. कॉफीच्या दुकानात लोकांनी माझी टरच उडवली. आदल्या वर्षी सगळं राज्य कोसळलेलं, घराघरात लुटलेल्या बंदुका — म्हणाले, मास्तर, कुठल्या कलमात लिहिलंय बंदूक कुणी परत करायची ते आधी सांगा. हसले, उठून गेले. मग मी नदीपलीकडे पोलिक्सेनीकडे गेलो. थानासची बायको. विधवा, म्हणायला हवं. ती हसली नाही. कॉफी ठेवली, समोर बसली आणि म्हणाली, मला वाचता येत नाही, सगळं वाचून दाखवा.

सगळं! दुपारी बसलो होतो, दिवस कलायला आला तरी वाचतोय. ती मधे मधे थांबवायची, आणि विचारायचं काय, तर एकच — ह्याला अडवणार कोण? कायदा संसद करणार. तिला अडवणार कोण? म्हटलं, राष्ट्राध्यक्ष कायदा एकदा परत पाठवू शकतो. आणि त्याला? संसदेनं बहुमतानं पुन्हा हो म्हटलं की त्याचं चालत नाही. पंतप्रधानाला? संसद घरी पाठवते. आणि सगळे मिळून वाकडे चालले तर? तर न्यायालय आहे, घटनेसाठीच नेमलेलं. पोलिसांनी माणूस उचलला तर? अठ्ठेचाळीस तासांत न्यायाधीशापुढे — हे मी दोनदा वाचलं, मला आवडायचं ते कलम. शिकलेल्या माणसांनी इतकं नेमकं विचारलं नव्हतं गं. मी खुशीत आलो होतो, खरं सांगतो.

मग ती म्हणाली, थानासला एकोणऐंशी साली आलुबुखारच्या बागेतून नेला, भर दुपारी. तेव्हाही घटना होतीच की. होती ना! सुरुवातीलाच लिहिलेलं, राज्य चालवणारा पक्ष एकच. मी तिला तेच सांगायला लागलो — वर पक्ष, त्याखाली मंत्री, त्याखाली तपासनीस, आणि अडवणारं कुणी नाही. तपासनिसाच्या खाली? म्हणाली. म्हटलं, त्याच्या खाली कोण असणार.

थानासनं काय गुन्हा केला होता? फांद्या छाटता छाटता एवढंच म्हणाला होता, कलमं शंभरावर आहेत मास्तर, पण वर माणूस एकच आहे. बस. तिथे दुसरं कुणी नव्हतं. मी शिडी धरली होती. आणि त्याच आठवड्यात माझ्या बायकोचा भाऊ सीमा ओलांडून ग्रीसला पळालेला, माझी नोकरी जायची, कदाचित मीच जायचो — तुला नाही कळायचं, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. तपासनिसांनी विचारलं, मी तीन ओळी लिहून दिल्या. तीनच. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. थानास तिसऱ्या वर्षी मेला, तुरुंगाच्या खाणीत राबता राबता.

हे मी तुला का सांगतोय? तू तर सार्वमताचं विचारायला आलीस.

ती म्हणाली, "खटल्याच्या वेळी तो कागद त्यांनी उंच धरून दाखवला, मास्तर. मला वाचता येत नाही. पण माझ्या मुलाच्या वहीत तांबड्या शाईनं येणारं अक्षर मला ओळखता येतं."

एकोणीस वर्षं, पोरी! त्या एकोणीस वर्षांत ती रस्त्यात भेटली की मला नमस्कार करायची, मुलाला माझ्याच वर्गात पाठवत होती. पुस्तिका हातात तशीच. तिनं बोट टेकवलं तिच्यावर आणि म्हणाली, "राष्ट्राध्यक्ष झाला, मंत्री झाला, न्यायाधीश झाला. तुम्ही कुठल्या कलमात?"

मी पानं उलटत राहिलो. खरंच उलटत राहिलो, जणू सापडणार होतं. मग ती म्हणाली, वाचा पुढचं. आणि मी वाचलं. शेवटच्या कलमापर्यंत वाचलं, काय करणार होतो?

सार्वमताच्या दिवशी शाळेत आली, काळ्या कपड्यांत, आता बाप्या झालेल्या मुलाच्या हाताचा आधार घेऊन. मत देऊन बाहेर आल्यावर माझ्यापाशी थांबली. "हो म्हणून आले," म्हणाली. "तुम्ही मात्र अजून काही सांगितलं नाहीत."

बारा वर्षं झाली. आहे की ती अजून, नसायला काय झालं? पूल ओलांडला की डाव्या हाताला तिसरं घर. मी पुलापर्यंत जातो, बऱ्याचदा जातो… तू जाणार असशील तर आत्ता जा, उजेड आहे तोवर. नाही, मी येत नाही. तिला काय सांगायचं ते — काही सांगू नकोस. जा तू. दार ओढून घे.