रोज या वेळी त्या काय करतात?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निरोप घेणाऱ्या डॉक्टरबाई, सोमवारपासून त्यांच्या जागी बसणारे तरुण डॉक्टर आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

रुग्णांच्या वतीने बोलायला मला सांगितलं आहे. खरं तर रुग्ण पहिल्या रांगेत बसली आहे. ती माझी आई. तिच्या हाती माइक देऊ नये, असं आमच्या घरात एकमताने ठरलं.

दवाखाने बंद झाले की आपल्या या आरोग्य केंद्राचा फोन सुरू होतो. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी तो लावला. आईला जरा गरगरतंय, घाई नाही, सकाळी आणलं तरी चालेल, म्हणालो. डॉक्टरबाईंनी विचारलं, "रोज या वेळी त्या काय करतात?"

"बातम्या बघते. म्हणजे, बातम्या देणाऱ्यांना शिव्या घालते."

"आणि आज?"

"आज टीव्ही लावलाच नाही."

"आमची रुग्णवाहिका बाहेर गेलीय. शेजाऱ्यांची गाडी मागा आणि निघा."

आईची नाडी निम्म्यावर आली होती. पेसमेकर बसला, म्हणून ती आज इथे आहे. पण मला एक गोष्ट चैन पडू देईना. मी घाई नाही म्हणत होतो, मग यांनी घाई का केली? परवा विचारलंच.

त्या म्हणाल्या, "तुमच्या आधी एक गृहस्थ ओरडत होते, गाडी त्यांना दिली. मुलाला गॅस झाले होते. ओरडेल त्याला गाडी, नम्रपणे बोलेल त्याला गोळी. घर लांब असलं की सल्ल्यावर भागवावंसं वाटतं. ड्यूटी संपत आली की सगळेच बरे वाटायला लागतात."

"तुम्हालासुद्धा?"

"मी काय वेगळ्या मातीची आहे? म्हणून तो प्रश्न. त्याचं उत्तर देताना माणूस ओरडत नाही, आणि नम्रही राहत नाही."

मग जो एकटा राहतो, त्याचं रोजचं कोण सांगणार? हेही मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते मला अजून कळलेलं नाही."

काल आई म्हणाली, "या नव्या डॉक्टरला माझं काय ठाऊक?" तेव्हा डॉक्टर, सभेसमक्ष सांगून ठेवतो. बातम्यांच्या वेळी ही बाई गप्प असली, तर मी काहीही म्हणो, घाई आहे.

डॉक्टरबाई, आम्ही सगळे तुमचे ऋणी आहोत. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर सभेने पोटात घालावं. बातम्यांची वेळ झाली आहे. भाषण लांबलं म्हणून पहिल्या रांगेत माझ्या नावाने जे काही चाललं आहे, ते ऐकून मला फार बरं वाटतंय.