मासोळीचा वास

कूलरपायी माह्या बहिणीचं लग्न मोडता मोडता राह्यलं, हे तुमाले सांगितलं काय कधी?

मे महिन्यातलं चंद्रपूर. पाहुणे तिले पाहायले आले आन् कूलर लावल्याबरोबर खोलीत सडक्या मासोळीचा वास सुटला. बाबांनी सकाळीच टाकीतलं पाणी दोनदा बदललं होतं. वरून मी गुलाबजलाची अख्खी शिशी ओतली होती. झालं काय, मासोळी आन् गुलाब दोन्ही येऊन राह्यले.

मुलाच्या आईनं नाकाले पदर लावला. आम्ही समजलो, गेलं हे स्थळ.

मुलगा गोंडपिपरीले शाळेत विज्ञान शिकवे. तो उठला, कूलरची जाळी काढली आन् टाकीच्या आतून बोट फिरवलं. बोटाले शेंबडासारखा बुळबुळीत थर!

"जंतू आहेत हे. पत्र्याले चिकटून आपल्याभोवती असा थर करतात. पाणी कितीही बदला, घासल्याबिगर जात नाई."

त्याची आई त्याच्याकडे पाहतच राह्यली. "म्हणजे आपल्या घरचा वास बी कूलरचाच होता? मी तं तुह्या बाबाले रोज दोनदा आंघोळीले पाठवून राह्यली!"

कोपऱ्यात बसलेल्या त्याच्या बाबानं असा लांब श्वास सोडला. म्हणे, "सोयरीक इथंच करू. माही इज्जत याच घरात वापस भेटली."